अँटिबॉडीवर संशोधन करायचंय? नाशिकच्या भाचीला सांगितलेलं

गंगापूर रोडवरच्या कॉलेजात शिकणारी माझी भाची विचारते, "मावशी, कॅन्सरवरच्या अँटिबॉडींवर काम करायचं तर सुरुवात कुठून करू?"

अँटिबॉडी म्हणजे परक्या गोष्टी ओळखून त्यांना चिकटणारं शरीरातलं प्रथिन. त्यावर काम करायचं तर आधी प्रयोगशाळेत पेशी जगवायला शीक. माझे पहिले सहा महिने त्यातच गेले. एकदा बुरशी लागून सगळे फ्लास्क टाकावे लागले, खूप रडले होते.

मग कोलर-मिलस्टाइन या शास्त्रज्ञांचं १९७५ चं हायब्रिडोमा तंत्र नीट समजून घे: अँटिबॉडी बनवणारी बी-पेशी आणि अमर्याद वाढणारी मायलोमा (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) पेशी यांचा संकर. या दोन्ही पेशी उंदराच्या असतात. उंदराची अँटिबॉडी माणसाचं शरीर परकी मानतं, म्हणून ती माणसासारखी घडवावी लागते. खरी गंमत इथेच आहे!

एमएस्सी करताना नेटची, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठीच्या परीक्षेची, तयारी ठेव. पुण्याचं एनसीसीएस (पेशींवर संशोधन करणारी संस्था), खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) यांच्या भरतीच्या जाहिराती पाहत राहा. आणि कंट्रोलशिवायचा, म्हणजे तुलनेसाठीच्या नमुन्याशिवायचा, निकाल मला दाखवू नकोस.