लंडनला निघताय? आधी तिकिटावरची तारीख नीट वाचा

पासपोर्ट, व्हिसा, बॅगांचं वजन हे कुणाला सांगावं लागत नाही. मला सांगायचंय ते तारखेचं. तिकिटावर 15 जानेवारी, 02:10 असं असेल तर घरातून 14 तारखेला रात्री निघायचं. चौदाला. तीन तास आधी पोचायचं, म्हणजे 14 च्या रात्री 11 ला मुंबई विमानतळाच्या टर्मिनल 2 वर. ठाण्याच्या वर्तकनगरहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची गर्दी धरली तर साडेनऊला गाडी खाली उभी हवी.

मागच्या वेळी आम्ही 15 च्या रात्री जेवूनखाऊन निघालो. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं आणि 02:10 वर बोट ठेवलं. विमान त्याच दिवशी पहाटे गेलं होतं. बहीण तिकडे बाळंत झालेली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पोटाशी धरून आई तिथेच ट्रॉलीला टेकून उभी. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. त्यामुळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर 15 ला गोल करू नका. 14 ला करा आणि शेजारी ‘रात्री साडेनऊ, घरातून’ असं लिहा. घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तिकीट मोठ्याने वाचून घ्या.

दुसरं, वेळेचा हिशोब. मुंबई-लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. तिकिटावर सुटायची वेळ 02:10 आणि पोचायची 06:40 दिसली की साडेचार तासांचा प्रवास वाटतो. तसं नाही, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास 10 तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा होतो. आईवडिलांच्या गोळ्या, इन्सुलिन कधी घ्यायचं ते हे 10 तास धरून डॉक्टरांना आधीच विचारा. येताना उंचावरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, तास-दीड तास वाचतो.

विमानतळ कोणता तेही बघा. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. तिकिटावर बीओएम असेल तर सहार, एनएमआय असेल तर उलवे. ठाण्यातून दोन्हीकडे जायचे रस्ते वेगळे, चुकलात तर ऐनवेळी गाडी वळवून काही उपयोग नाही.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, लोणचं मोठ्या बॅगेत, औषधांची चिठ्ठी जवळ. घ्यायला येणाऱ्याला लंडनची तारीख आणि लंडनचीच वेळ कळवा. परतीचं विमान रात्रीचं असेल तर इथे दुसऱ्या दिवशी उतरता, रजा त्या हिशोबाने टाका.

आणि 14 ला दुपारी थोडं झोपून घ्या.