जुनं रिव्हॉल्व्हर कसं ओळखावं आणि त्याची किंमत कशी ठरवावी

ट्रंकेत जुनं रिव्हॉल्व्हर सापडलं की बहुतेकांचा हात आधी पॉलिशच्या डबीकडे जातो. तिथेच निम्मी किंमत जाते. चिंधी, काथ्या, सँडपेपर सगळं बाजूला ठेवा. ते जवळ बाळगायला परवाना लागतो का, हेही आधी पाहा. कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र पुरातन धरतात.

आधी बार तपासा

बार म्हणजे आत भरलेली दारू आणि गोळी. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. नळीचं तोंड कायम निर्धोक दिशेला ठेवा, चापाला बोट लावू नका, घोडा उगाच ओढून सोडू नका. सिलिंडरच्या, म्हणजे फिरत्या नळकांड्याच्या, प्रत्येक घरात (गोळीच्या भोकात) पुढच्या तोंडातून बारीक लाकडी काडी घाला, आत गेली तेवढ्यावर खूण करा आणि ती काडी सिलिंडरला बाहेरून लावा. खूण मागच्या टोकाजवळ न पोचता बरीच अलीकडे राहिली, तर आत काहीतरी आहे. घरं एकमेकांशी ताडून भागत नाही, कारण सगळीच भरलेली असू शकतात. शंका आली तर स्वतः उकरू नका, बंदूक दुरुस्त करणाऱ्याला बोलवा.

मग काळ ठरवा

सिलिंडर मागून पाहा. प्रत्येक घरामागे छोटी निपल (बोंडासारखी पोकळ नळी) असेल तर ते टोपीचं, म्हणजे निपलवरची स्फोटक टोपी घोड्याच्या ठोक्याने पेटवून बार उडवणारं. घराच्या कडेला बारीक खाच असेल तर पिनफायर, म्हणजे काडतुसाच्या बाजूने बाहेर आलेल्या खिळ्यावर घोडा आपटून उडणारं. फ्रान्सचं लफोशे हे त्यातलं नावाजलेलं. घरं आरपार असतील तर धातूच्या काडतुसाचं. आरपार सिलिंडरचं रोलिन व्हाइट यांचं १८५५ चं पेटंट स्मिथ अँड वेसनच्या हाती होतं आणि ते १८६९ पर्यंत चाललं. त्यामुळे तोवर अमेरिकेतले बाकीचे कारखाने मुख्यतः टोपीचीच रिव्हॉल्व्हरं काढत राहिले. पुढे त्यातली कित्येक काडतुसांसाठी बदलून घेतली गेली.

आता फ्रेम. सिलिंडरच्या वर पट्टी नसेल आणि नळी आडव्या पाचरीने बसवलेली असेल, तर घडण कोल्टची. टोपीच्या रिव्हॉल्व्हरला वर पट्टी असेल तर रेमिंग्टन किंवा ॲडम्सकडे वळा. मधून मोडून उघडत असेल तर वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन. सिलिंडर बाजूला झुलत बाहेर येत असेल तर ते बहुधा १८८९ नंतरचं.

ठसे वाचा, पण नावावर भुलू नका

नळीवरचं नाव हा सगळ्यात लेचापेचा पुरावा. ‘स्मिथ अँड वेसन’ ही अक्षरं दिसली तरी ओळ शेवटपर्यंत वाचा. त्या कंपनीची काडतुसं यात चालतात, एवढंच सांगणारी नक्कल निघते. तारखेचंही तसंच. १८७३ च्या कोल्टच्या फ्रेमवर १९ सप्टेंबर १८७१ आणि २ जुलै १८७२ असं कोरलेलं असतं. त्या पेटंटच्या तारखा आहेत, बनल्याच्या नव्हेत.

नळीची मजबुती तपासून मारलेले चाचणीचे ठसे जास्त खरं बोलतात. लंबगोलात ईएलजी म्हणजे बेल्जियमचं लिएज. वर मुकुट असेल तर १८९३ नंतरचा ठसा. ‘फक्त काळी दारू’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना आणि चौकटीत वर्षाची सांकेतिक अक्षरं दिसली, तर ती बहुधा इटलीतली आधुनिक प्रतिकृती.

अस्सलपणा

फ्रेम, नळी, चापाची कडी, मूठ, सिलिंडर, पाचर अशा प्रत्येक भागावरचा क्रमांक टिपून घ्या. पाचरीचा क्रमांक जुळला नाही तर फटका त्या मानाने कमी, सिलिंडरचा जुळला नाही तर मोठा. १८५१ च्या कोल्ट नेव्हीच्या सिलिंडरवर १६ मे १८४३ च्या कॅम्पेचेच्या आरमारी लढाईचं चित्र असतं. नळी गंजून खड्डे पडलेली आणि चित्रातली शिडं मात्र ठसठशीत, असं दिसलं तर सिलिंडर दुसरीकडचा समजा.

पुन्हा निळसर केलेलं, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा थर नव्याने चढवलेलं, ओळखायला भिंग घ्या. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या दबलेल्या, अष्टकोनी नळीच्या धारा गोलावलेल्या आणि अक्षरं एका बाजूने पुसट असली, तर नळी घासली गेली आहे. गंजाच्या खड्ड्यातही निळा रंग उतरलेला दिसला, की तो नंतरचाच.

किंमत

अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पुरातन शस्त्रांच्या प्रतवारीत सगळे भाग मूळचे आणि ८० टक्क्यांहून जास्त मूळ झिलई असेल तर ‘उत्कृष्ट’. ३० टक्क्यांच्या वर त्याखालची प्रत. टक्के अंदाजताना हात आखडता घ्या, आपलं ते सोनं वाटतंच.

त्याच मॉडेलचे, त्याच प्रतीचे लिलावात प्रत्यक्ष विकले गेलेले भाव गोळा करा. जाहिरातीत मागितलेला भाव म्हणजे नुसती इच्छा. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय का तेही पाहा, कारण विकणाऱ्याच्या हाती त्यातून आणखी कापून रक्कम येते. विम्यासाठी काढलेली किंमत तर विक्रीच्या किमतीपेक्षा सहसा जास्तच असते. मूळ पेटी, गोळ्यांचा साचा आणि दारूची कुपी सोबत असेल तर भाव चढतो. पण पेटीतले खळगे शस्त्राच्या आकाराला नेमके बसतात का, ते ठेवून पाहा. मॉडेल दुर्मीळ वाटलं तर कोल्टच्या दप्तरातून क्रमांकावरून शुल्क भरून पत्र मागवता येतं. नोंद सापडली तर त्यात माल कधी रवाना झाला ते मिळतं.