टेलर स्विफ्ट पहिल्यापासून ऐकायचीय? कुठलं व्हर्जन कधी लावायचं ते बघा

टेलर स्विफ्ट नव्याने ऐकायला घेतली की बहुतेकजण इथेच अडकतात, एकाच अल्बमच्या दोन दोन आवृत्त्या दिसतात, एक साधी म्हणजे मूळची आणि एक टेलर्स व्हर्जन म्हणजे तिने नंतर परत रेकॉर्ड केलेली, त्यात ॲपवर अल्बम रिलीजच्या तारखेने लावलेले म्हणजे २००८ चा फिअरलेस २०२० च्या एव्हरमोरच्याही नंतर दिसतो कारण तो परत रेकॉर्ड होऊन २०२१ मध्ये आला. त्या क्रमाने ऐकलंत तर ती कंट्रीतून (अमेरिकन ग्रामीण लोकसंगीतातून आलेला प्रकार) पॉपकडे कशी सरकली ते कळणारच नाही, आणि खरी मजा त्यातच आहे.

म्हणून आधी स्वतःची प्लेलिस्ट करा, मूळ वर्षांप्रमाणे. पहिला तिच्याच नावाचा २००६ चा, मग फिअरलेस २००८, स्पीक नाऊ २०१०, रेड २०१२, १९८९ हा २०१४ चा (नाव तिच्या जन्मवर्षावरून), रेप्युटेशन २०१७. मधले चार टेलर्स व्हर्जनमध्ये मिळतात, पहिला आणि शेवटचा मूळचाच लावायचा कारण त्यांचे नवे अल्बम आलेलेच नाहीत.

आता मुळात दोन दोन व्हर्जन कशामुळे झाली? गाण्याचे शब्द-चाल आणि त्याचं रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात. गाणी तिने लिहिलेली पण रेकॉर्डिंगचे मास्टर्स, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं आणि त्यांचे हक्क, नॅशव्हिलच्या बिग मशीन लेबलकडे, ते लेबल २०१९ मध्ये संगीत क्षेत्रातला मॅनेजर स्कूटर ब्रॉन याच्या कंपनीने घेतलं आणि पुढच्या वर्षी मास्टर्स शॅमरॉक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीकडे गेले. करारातली मुदत संपल्यावर तीच गाणी ती परत गाऊ शकत होती, म्हणून गायली. आणि मे २०२५ मध्ये तिने मूळ मास्टर्सही विकत घेतले, त्यामुळे जुनं लावलं तर पैसे दुसऱ्याला जातात ही चिंता आता नाही, कानाला जे पटेल ते बिनधास्त लावा.

पहिल्या अल्बमात बँजो, फिडल, स्टील गिटार नीट ऐका, कारण पुढे हीच वाद्यं मागे मागे जातात. फिअरलेसमधलं लव्ह स्टोरी मात्र दोन्ही व्हर्जन लागोपाठ लावाच, वाद्यांची मांडणी जवळपास तीच पण आधीचा आवाज अठराच्या आतबाहेरचा, नवा एकतिशीचा, जास्त भरलेला आणि ठाम, मला नवा आवडतो. स्पीक नाऊ तिने पूर्ण एकटीने लिहिला, त्यात बेटर दॅन रिव्हेंजची एक ओळ नव्या व्हर्जनमध्ये बदललीय, मूळ ओळ ऐकायची तर जुनं शोधा.

रेडला मात्र वेळ द्या, घाई नको. इथे ती दोन्हीकडे पाय ठेवून उभी आहे, बिगिन अगेन अजून कंट्रीतलं आणि आय न्यू यू वेअर ट्रबलमध्ये चक्क डबस्टेप (जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत), कारण मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक हे स्वीडिश पॉप निर्माते आलेत. टेलर्स व्हर्जनच लावा, ऑल टू वेलचं दहा मिनिटांचं रूप त्यातच आहे आणि एवढं लांब गाणं बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकन गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर आलं, ते हेडफोन लावून शांतपणे ऐका, मध्ये फोन बघू नका.

१९८९ म्हणजे पूर्ण पॉप, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि ड्रम मशीन. इथे माझं मत वेगळं आहे, स्टाइलची मूळ गिटार जास्त धारदार आहे, ते एक गाणं जुन्यातलं घ्या.

टेलर्स व्हर्जनमध्ये नावापुढे फ्रॉम द व्हॉल्ट असं लिहिलेली, म्हणजे मूळ अल्बममध्ये न घेतलेली, गाणी या प्लेलिस्टमध्ये घालू नका. ती लिहिली मूळ अल्बमच्या काळात पण पूर्ण झाली परत रेकॉर्ड करताना, त्यातली बरीच जॅक अँटोनॉफ आणि ॲरन डेसनर या निर्मात्यांसोबत, म्हणून आवाज आजचा येतो आणि कंट्री ते पॉप हा प्रवास मध्येच तुटतो. त्यांची वेगळी यादी करा आणि याच दोघांसोबत केलेले फोकलोर, एव्हरमोर हे अल्बम झाल्यावर ऐका, तेव्हा गायिका फीबी ब्रिजर्ससोबतचं नथिंग न्यू कुठल्या घरातलं आहे ते लगेच ओळखू येईल.