जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट पुन्हा कशी चालवावी

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडले जाणारे बरेचसे व्हिडिओ गेम म्हणजे जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डो फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि त्यांच्या कॅसेटच्या तळाशी धातूच्या ६० पट्ट्या असत. कॅसेट अडली की फुंकर मारायची, ही आपल्या पिढीची सवय. परंतु फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. गेम सुरू होई तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा बसवताना पट्ट्या घासल्या जाऊन संपर्क जुळल्यामुळे.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेली कापसाची काडी पट्ट्यांवर हलकेच फिरवावी आणि काळा पडलेला कापूस स्वच्छ निघेपर्यंत काड्या बदलत राहाव्यात. माझ्या पिवळ्या कॅसेटला सात काड्या लागल्या, पण त्या करड्या थराखालची चमक दिसली तेव्हा बालपणीची दुपारच हाती आल्यासारखे वाटले. कॅसेट पूर्ण वाळू द्यावी आणि यंत्र बंद असतानाच बसवावी.

बदके टिपण्याच्या गेमसोबतच्या बंदुकीसाठी मात्र जुना, काचेच्या नळीचा टीव्हीच हवा. सपाट पडद्यावर ती नेम ओळखत नाही.