लाकडी रिपांवर जिप्समचं छत: आधी रिपा, मग बोर्ड

छत वेडंवाकडं दिसलं की लोक बोर्डाला नावं ठेवतात. बोर्ड बिचारा रिपा, म्हणजे वाशांखाली मारलेल्या लाकडी पट्ट्या, जशा असतील तसा बसतो. म्हणून माझा निम्म्याहून जास्त वेळ रिपांवर जातो. कोणी घाई करायला लागलं की मी त्याला खालचा पसारा आवरायला लावतो.

रिपा वाळलेल्याच घ्या. ओलं लाकूड नंतर आक्रसतं, पिळतं आणि सांध्याला भेग देतं. आणल्यावर काही दिवस त्याच खोलीत, मधून हवा खेळेल अशा रचून ठेवा. वासे जवळजवळ असतील तर 50 बाय 25 मिलिमीटरची रीप पुरते. वाशांमधलं अंतर जास्त असेल तर 50 बाय 50 ची घ्या, नाहीतर स्क्रू मारताना रीप थरथरते.

12.5 मिलिमीटरच्या बोर्डाला रिपा मध्यापासून मध्यापर्यंत 400 वर येतात, असं सगळे सांगतात. पण आधी बोर्डाची लांबी टेपने मोजा. 2400 चा असेल तर 400 बरोबर. 2440 चा निघाला तर सहा भाग करा, म्हणजे 406 ते 407 येतं. तसं केलं नाही तर बोर्डाचं टोक रिपेच्या मध्यापासून 40 मिलिमीटर पुढे जाऊन लोंबकळतं. टोक रिपेच्या मध्यावरच यायला हवं, म्हणजे दोन्ही बोर्डांना 25-25 ची टेक मिळते.

आता लेव्हल. पाण्याच्या नळीने किंवा लेझरने चारही भिंतींवर खूण करा. आधी कडेच्या रिपा मारा. त्यांच्या खालच्या अंगाला एकाच जाडीचे दोन ठोकळे लावून त्यांवरून दोरी ताणा. त्याच जाडीचा तिसरा ठोकळा हातात धरून प्रत्येक मधली रीप आणि दोरी यांच्यामध्ये सरकवा. सैल गेला तर त्या जागी रीप वर चढलेली आहे, वाशाखाली पाचर द्या. दोरीला ढकलत असेल तर रीप खाली आलेली आहे, पाचर काढा किंवा रंधा फिरवा. पाचरी नेहमी जोडीने, उलटसुलट सारायच्या आणि स्क्रू त्यांच्यातूनच न्यायचा.

बोर्ड चढवण्याआधी मेन स्विच बंद करून वायरी बाहेर काढा आणि शेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा. पंख्याचा हूक थेट वाशात किंवा स्लॅबमध्येच हवा. रिपेला पंखा टांगणाऱ्याशी मी वाद घालत नाही, काम सोडतो.

पूर्ण बोर्ड साधारण 25 किलोचा, त्यामुळे माणसं दोन लागतातच. शिवाय टी आकाराचा लाकडी टेकू करा, छताच्या उंचीपेक्षा किंचित जास्त, म्हणजे तो आवळून बसतो. बोर्डाची लांबी रिपांना आडवी ठेवा आणि पुढच्या ओळीचे आखूड सांधे निदान एक रीप सोडून घ्या. कापताना दर्शनी कागदावर कटर चालवा, मागे मोडा, मग मागचा कागद कापा.

खिळे नकोत, 35 मिलिमीटरचे जाड आट्यांचे स्क्रू घ्या. मध्यापासून कडांकडे जात दर 150 ते 200 वर एक. कडेपासून 10, कापलेल्या टोकापासून 15 मिलिमीटर आत. डोकं कागदाच्या जरासं खाली दबलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर त्या स्क्रूची पकड गेली. शेजारी दुसरा मारा.

सांध्याला कंपाउंड, त्यात कागदी टेप दाबून बसवा, बुडबुडा राहू देऊ नका. वाळल्यावर आणखी दोन हात, प्रत्येक आधीपेक्षा रुंद. आखूड सांध्याला बोर्डाची उतरती कड नसते, तिथे फुगवटा येतो. म्हणून दोन्ही बाजूंना 300 पर्यंत पातळ ओढा. घासताना मास्क लावा आणि टॉर्च छताला चिकटवून आडवा प्रकाश टाका, उंचवटे लगेच दिसतात. भिंतीलगतची फट लवचीक सीलंटने भरा आणि प्रायमर दिल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका.