गाडीच्या लोनला जामीन राहताय? सही करायच्या आधी हे बघा

मी मावसभावाच्या गाडीला सही केली होती, त्याचे तीन हप्ते थकले आणि फोन मला यायला लागले, तेव्हा कुठे मी कागद नीट वाचायला बसलो. तुम्ही आधीच वाचा.

फॉर्मवर तुमचं नाव को-अॅप्लिकंट म्हणून आहे की गॅरंटर म्हणून, ते पहिलं बघा. शोरूममधे घाई असते, "नुसती सही आहे हो" म्हणतात, पण फरक मोठा आहे. को-अॅप्लिकंट म्हणजे पहिल्या दिवसापासून कर्ज तुमचंही. गॅरंटर म्हणजे जामीनदार, कर्ज घेणाऱ्याने नाही भरलं तर तुम्ही भरायचं. आणि दोन्हीत गाडी तुमची होत नाही, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक.

बऱ्याच जणांना वाटतं की बँक आधी त्याच्या मागे लागेल, गाडी ओढून नेईल, विकेल आणि मग उरलं तर आपल्याकडे येईल. तसं नाहीये. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि 1969 मधे सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय की आधी कर्जदाराकडून वसूल करा असं जामीनदार बँकेला सांगू शकत नाही. म्हणजे 8 लाखाचं लोन, साडेनऊ टक्के, 7 वर्षं धरलं तर महिना साधारण 13 हजार होतात, तेवढे आपल्याला झेपतील का हे सहीआधी घरी बसून बघा, नसतील झेपत तर तोंडावर नाही म्हणा, नातं त्याने तुटत नाही.

सही केलीच तर अॅग्रीमेंटची आणि जामीनपत्राची कॉपी मागून घ्या, केएफएस नावाचा पानभर गोषवारा असतो तोही घ्या, त्यात व्याज आणि सगळे चार्जेस एकत्र दिसतात. मग दर महिन्याला त्याच्याकडून हप्ता गेल्याचा मेसेज फॉरवर्ड करून घ्या, लाजू नका. हप्ते थकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद आणि स्कोअर, तुमचंही खराब होतं, 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरलं जातं, उद्या घराचं लोन काढायला गेलात की ते समोर येतं. सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून बघत जा. गाडीचा इन्शुरन्स चालू आहे ना हेही विचारा, कारण गाडी गेली आणि पॉलिसी संपलेली असेल तर कर्ज तसंच राहतं.

आता हक्क. तुम्ही पैसे भरलेत तर त्याच करार कायद्याच्या कलम 145 प्रमाणे ते कर्जदाराकडून वसूल करता येतात, पैसे भरल्यापासून 3 वर्षांत दावा लावायचा. म्हणून कॅश देऊ नका, स्वतःच्या खात्यातून लोन खात्यात भरा आणि पावती ठेवा. पूर्ण कर्ज तुम्ही फेडलंत तर बँकेचे गाडीवरचे हक्क कलम 140, 141 ने तुमच्याकडे येतात. तुम्हाला न विचारता बँकेने अटी बदलल्या, तर त्यापुढच्या व्यवहारातून कलम 133 ने सुटका होते, पण खरी मेख इथेच आहे, बऱ्याच जामीनपत्रांत "हे हक्क मी सोडतो" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाक्य शोधा आणि काढता येईल का ते विचारा.

वसुलीवाले सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत, जामीनदारालाही नाही. केला तर वेळ लिहून बँकेकडे लेखी तक्रार करा.

शेवटचा हप्ता गेला की त्याला एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायला लावा आणि थोड्या दिवसांनी तुमच्या सिबिलवर ते लोन क्लोज्ड दिसतंय का बघा. दिसत नसेल तर बँकेकडे किंवा सिबिलकडे तक्रार टाका, 30 दिवसांत सुटली नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.