विमानाच्या पंखाचं मॉडेल नेमकं कुठे फसतं? शिकवताना या चुका टाळा

फिनाइट एलिमेंटच्या (रचनेचे छोटे तुकडे पाडून संगणकावर ताण आणि वाक काढण्याची पद्धत) पहिल्याच प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना अख्खा पंख देऊ नका. स्पार (पंखाच्या लांबीतली मुख्य तुळई), रिब (आडव्या फासळ्या), स्ट्रिंगर (पत्र्याला आधार देणाऱ्या लांब पट्ट्या), स्किन (बाहेरचा पत्रा) एकदम आले की चूक कुठे आहे हे शिकवणाऱ्यालाही सापडत नाही. आधी ॲल्युमिनियमची साधी पट्टी द्या: १ मीटर लांब, ५० मिमी रुंद, १० मिमी जाड, एक टोक घट्ट धरलेलं आणि मोकळ्या टोकावर १० न्यूटन भार. यंग मापांक, म्हणजे धातूचा ताठपणा, ७० गिगापास्कल धरला तर टोक सुमारे ११.४ मिमी खाली येतं. हा आकडा हातानं काढून वहीत लिहिल्याशिवाय कुणालाही सॉफ्टवेअर उघडू देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती एककांची चूक, कारण ती लपून बसते. मिलिमीटर आणि न्यूटन वापरले, तर घनता टन प्रति घन मिलिमीटरमध्ये द्यावी लागते. मुलं किलोमध्ये देतात, म्हणजे हजारपट जास्त. टोकावरच्या भाराचं उत्तर तरीही बरोबर येतं, कारण तिथे घनता लागतच नाही. कंपनाचा प्रयोग केला की घोळ उघडा पडतो: पहिली वारंवारता ८.१ हर्ट्झच्या जागी ०.२६ येते. चार सेकंदांत एकदा हलणारी पट्टी! फूटपट्टी टेबलाच्या कडेला धरून टिचकी मारायला सांगा, विद्यार्थ्यांना लगेच पटतं.

गणित सुटेना म्हणून दिसेल तो नोड (तुकडे जोडणारा बिंदू) बांधत सुटणं, ही दुसरी खोड. त्यापेक्षा सगळे आधार काढून कंपनं काढा. शून्य वारंवारतेचे, म्हणजे अख्खं मॉडेल न वाकता सरकण्याचे किंवा फिरण्याचे, सहाच प्रकार यायला हवेत. बारा आले तर मॉडेलचे दोन तुकडे आहेत. बहुतेक वेळा रिबचे आणि स्किनचे नोड जुळलेलेच नसतात.

आतल्या टोकदार कोपऱ्यात मेश (तुकड्यांची जाळी) बारीक कराल तितका ताण वाढतच जातो. तो आकडा अहवालात घेऊ नका, कोपऱ्याला खरी गोलाई द्या आणि मग मेश बारीक करा.

बकलिंग, म्हणजे दाबामुळे पातळ पत्रा अचानक दुमडणं, तपासायचं मात्र हमखास राहून जातं, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. स्ट्रिंगरमधलं अंतर १०० मिमी, स्किन १ मिमी जाड, कडा साध्या टेकलेल्या: असं पॅनल दाबाखाली सुमारे २५ मेगापास्कललाच दुमडायला लागतं. साधं रेषीय ताण-विश्लेषण मात्र १०० मेगापास्कललाही निर्धास्त निळा (कमी ताणाचा) रंग दाखवतं. म्हणून उड्डाणात दाबल्या जाणाऱ्या वरच्या स्किनचं रंगीत चित्र तपासायला घेण्याआधी बकलिंगचं उत्तर मागा.